शिवी लागते कुणाला?

बोलण्यातल्या अदबीविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक शिव्यांविषयीच निघाली. मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली विदुषी, नाही. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि कुरआन आणि हदीस (पैगंबरसाहेबांच्या वचनांच्या आणि वागणुकीच्या नोंदी) घरी वडिलांकडून शिकले. तेव्हा इथे फतवा नाही. जे वाचलं, शिकले आणि माणसांत वावरताना पाहिलं, त्यावरून उत्तरं देते आहे. पत्रलेखकांची नावं वगळली आहेत.

*

प्रश्न : मी कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हा मित्रांत आईबहिणीवरून शिव्या सर्रास चालतात. राग अजिबात नसतो, उलट दोस्ती जितकी घट्ट तितकी शिवी मोठी. परवा अम्मीनं माझं फोनवरचं बोलणं ऐकलं आणि दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मनात वाईट काही नसेल तर गुनाह कसा? अल्लाह नीयतच बघतो ना?

उत्तर : बेटा, ‘कर्मांचा निवाडा नीयतीवर’ ही ‘सहीह बुखारी’ या हदीस-संग्रहातली अगदी पहिली हदीस. तू तिचाच आधार घेतलास, म्हणजे तुला काहीतरी टोचतंय. पण नीयतीमुळे चांगल्या कामाला मोल येतं, वाईट काम चांगलं होत नाही. शेजाऱ्याची वस्तू प्रेमानं उचलली तरी ती त्याचीच राहते.

आता त्या शिवीचं वाक्य घे आणि मी वर्गात मुलांना सोडवायला लावायचे तसं सोडव. बोलणारा कोण? तू. ऐकणारा कोण? तुझा मित्र. आणि ते वाक्य कुणाबद्दल आहे? जिच्याबद्दल आहे ती बाई तिथे नाहीच. तिला तुमची दोस्ती घट्ट आहे की सैल, याच्याशी देणंघेणं नाही. ती बहुधा आपल्या कामात असेल, कदाचित तू घरी गेलास तर तुला आधी पाणी देईल. तुम्ही दोघं हसता ते तिच्या अब्रूवर. तुझ्या मित्रानं माफ केलं म्हणून ती माफी होत नाही, कारण ती अब्रू त्याची नव्हतीच.

पैगंबरसाहेब (स.) एकदा म्हणाले की, माणसानं स्वतःच्या आईबापाला शिवी देणं हा मोठ्या गुनाहांपैकी एक आहे. ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटलं. स्वतःच्याच आईबापाला कोण शिवी देईल? त्यावर त्यांनी समजावलं की, हा दुसऱ्याच्या बापाला शिवी देतो आणि तो उलटून याच्या बापाला देतो, हा दुसऱ्याच्या आईला देतो आणि तो याच्या आईला. ही हदीस ‘सहीह बुखारी’ आणि ‘सहीह मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत आहे. तुझ्या अम्मीनं दोन दिवस अबोला का धरला, ते इथे कळतं. तिनं फोनवर तुझा आवाज ऐकला आणि पलीकडून काय उत्तर आलं असेल, तेही तिला न ऐकता कळलं.

आणखी एक प्रसंग सांगते, कारण ज्यांच्याकडून चूक झाली ते साधे गृहस्थ नव्हते. हजरत अबू जर हे अगदी सुरुवातीला इस्लाम स्वीकारलेल्यांपैकी. एका माणसाशी वाद झाला तेव्हा त्यांनी त्याच्या आईवरून त्याला हिणवलं. ती अरब नव्हती, यावरून ते बोलणं होतं. पैगंबरसाहेबांनी त्यांना विचारलं, तू त्याला आईवरून बोललास? आणि म्हणाले, तुझ्यात अजून जाहिलियत आहे. जाहिलियत म्हणजे इस्लामपूर्वीचा अज्ञानाचा काळ. माणूस नमाजी आहे, सच्चा आहे, जीव ओवाळून टाकणारा आहे, तरी जिभेच्या एका कोपऱ्यात तो जुना काळ शिल्लक राहू शकतो. मला हे वाक्य नेहमी अंगावर येतं.

कुरआनातल्या सूरह नूर या अध्यायात सचोटीच्या स्त्रीवर बदफैलीचा आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ८० फटके सांगितले आहेत आणि त्याची साक्ष पुढे कधीही मानू नये असंही म्हटलं आहे. जुन्या फकिहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनी, यातच ‘अमक्या वाईट बाईच्या पोरा’ अशा अर्थाच्या शिवीचा विचार केला आणि तो त्या मुलावरचा नाही, त्याच्या आईवरचा आरोप धरला. शिक्षेची चर्चा मला इथे करायची नाही. मला एवढंच दाखवायचंय की, तू ज्याला गंमत म्हणतोस त्याच्याकडे त्यांनी केवढ्या गांभीर्यानं पाहिलं.

मित्रांना उपदेश करू नकोस, ते ऐकणार नाहीत आणि तुझाही तोल जाईल. तू तुझ्यापुरतं थांब. त्यांनी शिवी देऊन हाक मारली तर नावानं उत्तर दे. आठ-पंधरा दिवस विचित्र वाटेल. आणि आज घरी गेल्यावर अम्मीला ‘मस्करी होती’ म्हणू नकोस. ‘चुकलो’ म्हण.

*

प्रश्न : मी एका गोदामात सुपरवायझर आहे, हाताखाली चौदा माणसं. मालक मला शिव्या घालतात, मी खालच्यांना घालतो. शिवीशिवाय काम हलत नाही हा माझा अनुभव आहे. मालकांना उलट बोललो तर गुनाह होईल का?

उत्तर : भाऊ, तुम्ही मालकांपुरतंच विचारलंत. त्या चौदा जणांचा उल्लेख माहिती म्हणून केलात. मी उलट्या क्रमानं जाते.

हजरत अनस लहान वयात पैगंबरसाहेबांच्या सेवेला लागले आणि दहा वर्षं राहिले. ते सांगतात, या दहा वर्षांत त्यांनी मला कधी ‘उफ्’ म्हटलं नाही, केलेल्या कामाला ‘हे का केलंस’ आणि न केलेल्याला ‘हे का केलं नाहीस’ असं विचारलं नाही. दहा वर्षांत पोराच्या हातून काय काय चुकलं असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येईल. आणि ‘उफ्’ हा शब्द लक्षात घ्या. कुरआनात तो आईवडिलांच्या संदर्भात येतो, त्यांना उफ् सुद्धा म्हणू नका, असं सूरह बनी इस्राईल सांगते. वडीलधाऱ्यांसाठीची ही अदब पैगंबरसाहेबांनी एका नोकर पोराला दिली. वरच्या माणसाशी सगळेच जपून बोलतात, त्यात भीतीचा वाटा मोठा असतो. माणसाची खरी जीभ खालच्याशी बोलताना दिसते.

काम शिवीनं हलत नाही. शिवीनं माणूस दचकतो आणि हातपाय हलवतो, तुम्ही पाठ फिरवलीत की थांबतो. मग पुन्हा शिवी लागते. म्हणून तुम्हाला वाटतं की तिच्याशिवाय चालत नाही.

आता मालक. सूरह निसामध्ये म्हटलंय की, वाईट शब्द उघडपणे बोललेला अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याची गोष्ट वेगळी. तुमच्यावर अन्याय होतोय, तेव्हा तो बोलून दाखवायचा हक्क तुम्हाला आहे. मालकांच्या वरचा कुणी असेल तर त्याच्याकडे तक्रार करणं ही गीबत (पाठीमागची निंदा) नव्हे. इमाम नववींनी गीबत माफ असण्याचे सहा प्रसंग मोजले आहेत, त्यांतला पहिला हाच. शिवीला शिवी दिलीत तर? सहीह मुस्लिममध्ये आहे की, दोघांच्या शिवीगाळीचा भार सुरुवात करणाऱ्यावर, जोवर दुसरा मर्यादा ओलांडत नाही तोवर. पण रागात ती मर्यादा कुणाला दिसते? हजरत अबू बकर यांना एक माणूस वाईटसाईट बोलत होता. ते बराच वेळ गप्प राहिले, शेवटी उत्तर दिलं. तेव्हा पैगंबरसाहेब उठले. नंतर सांगितलं की, तू गप्प होतास तोवर एक फरिश्ता तुझ्या वतीनं उत्तर देत होता, तू बोलू लागलास आणि मध्ये शैतान आला.

माझं मत विचाराल तर मालकांना एकट्यात गाठा आणि राग नसलेल्या वेळी सांगा, ‘काम सांगा, चूक दाखवा, शिवी नको.’ मात्र त्याआधी आठवडाभर स्वतः हाताखालच्यांना शिवी देऊ नका. नाहीतर हे वाक्य तुमच्या तोंडी टिकणार नाही.

*

प्रश्न : माझ्या सासूबाई नातवंडांना ‘मेल्या’, ‘मुडद्या’ म्हणतात. एरवी त्यात लाडच असतो. पण राग आला की ‘तुझं वाटोळं होईल’, ‘मर एकदाचा’ इथपर्यंत जातात. माझ्या सात वर्षांच्या मुलानं परवा मला विचारलं, ‘मी मरावं असं दादीला वाटतं का?’ मी त्यांना काय आणि कसं सांगू?

उत्तर : या पत्रापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. तुमच्या सासूबाईंच्या बाजूनं आधी बोलते, कारण त्यांच्या पहिल्या दोन शब्दांना शिवी म्हणायला मी तयार नाही.

प्रत्येक भाषेत असे शब्द असतात, ज्यांचा मूळ अर्थ झिजून गेलेला असतो. आपल्या ‘मेल्या’त मरण उरलेलं नाही. बाई ‘मेल्या, कुठे होतास इतका वेळ’ म्हणते तेव्हा त्यात काळजी असते. अरबीतही हे आहे. हजरत मुआज यांनी पैगंबरसाहेबांना विचारलं होतं की, आम्ही बोलतो त्याबद्दलही आमची धरपकड होईल का? तेव्हा उत्तराच्या सुरुवातीला शब्द आले, ‘सकिलत्का उम्मुक’. शब्दशः अर्थ, तुझी आई तुला मुको. शाप नव्हे तो, ‘अरे वेड्या, एवढंही कळत नाही?’ या धाटणीचा बोलण्यातला प्रयोग आहे. आणि पुढचं वाक्य असं की, लोकांना आगीत तोंडघशी पाडतं ते त्यांच्या जिभांनी कापलेलं पीकच. हजरत अनस सांगतात, पैगंबरसाहेब शिव्या देणारे नव्हते, अश्लील बोलणारे नव्हते, लानत करणारे (शाप देणारे) नव्हते. कुणाला रागवायचं झालं तर ‘याला झालंय काय, याच्या कपाळाला माती लागो’ एवढंच म्हणत. इथेही विद्वान सांगतात की, तो अरबांच्या बोलण्यातला रुळलेला प्रयोग होता, तळतळाट नव्हता.

पण ‘मर एकदाचा’ हा झिजलेला शब्द नाही. त्याचा अर्थ शाबूत आहे, म्हणून तर तो रागातच बाहेर येतो. हजरत जाबिर एका प्रवासातली गोष्ट सांगतात. मदिनेतल्या एका अन्सारी साथीदाराचा उंट पुढे जाईना, त्यानं वैतागून त्या उंटावर लानत केली. पैगंबरसाहेबांनी त्याला खाली उतरायला सांगितलं, लानत केलेलं जनावर आमच्यासोबत नको म्हणाले. आणि सगळ्यांना बजावलं : स्वतःसाठी, आपल्या मुलांसाठी, आपल्या मालमत्तेसाठी वाईट मागू नका. न जाणो, ती घडी मागणं कबूल होण्याची असायची. सहीह मुस्लिममधली ही हदीस. वैतागलेला माणूस तोंडातून जे काढतो, तेही मागणंच असतं, हे त्यात गृहीत आहे. एका उंटासाठी इतकं, तर सात वर्षांच्या पोरासाठी किती?

आता कसं सांगायचं? हदीस वाचून दाखवू नका. सुनेनं सासूला हदीस दाखवली की तिचा पुरावा होतो आणि घरात दोन पक्ष पडतात. मुलाचा प्रश्न जसाच्या तसा, त्याच्याच शब्दांत, त्यांना एकट्यात सांगा. शेवटी ‘म्हणून तुम्ही असं बोलू नका’ हे जोडू नका. ज्या बाईच्या लाडाच्या शब्दातही नातवंडांची काळजी असते, तिला त्या प्रश्नाचा अर्थ तुम्ही सांगायला नको. जिभेला इतक्या वर्षांची सवय आहे, रागात तिला काहीतरी लागणारच. माझी आजी अशा वेळी ‘अल्लाह तुला हिदायत (चांगली वाट) देवो’ असं इतक्या जोरात ओरडायची की आम्ही घाबरून पळायचो. राग पूर्ण बाहेर पडायचा आणि मागणं मात्र चांगलं असायचं.

मुलालाही उत्तर द्या. ‘नाही रे, काहीतरीच काय’ म्हणून उडवून लावू नका. दादीला राग आला होता, रागात तोंडातून चुकीचं निघालं, तिला तू हवा आहेस, हे तीनही सांगा. शक्य झालं तर ते दादीनंच सांगावं.

*

प्रश्न : शिवी दिली तर वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी) मोडतो का? आणि रोजा?

उत्तर : बहुसंख्य विद्वानांच्या मते दोन्ही मोडत नाहीत. पण खोटं बोलणं आणि तसं वागणं जो सोडत नाही, त्यानं खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, असं बुखारीत आहे. रोजात कुणी शिवी दिली किंवा भांडायला आला तर ‘मी रोजेदार आहे’ एवढं म्हणायचं. हे समोरच्यासाठी तर आहेच, स्वतःलाही ऐकू जावं म्हणून आहे.

*

प्रश्न : माझी मुलगी मोठी होते आहे. तिच्या शरीराविषयी तिला सांगायचं तर जे शब्द वापरावे लागतात ते मला बोलवत नाहीत. अश्लील बोलणं आणि स्पष्ट बोलणं यांत रेघ कुठे मारायची?

उत्तर : फार चांगला प्रश्न, आणि भाषा शिकवणाऱ्या बाईला विचारलात याचा आनंद झाला.

इमाम गझाली इ.स. ११११ मध्ये वारले. त्यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात जिभेच्या २० आफतींवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्यात अश्लील बोलण्याची व्याख्या साधारण अशी येते : ज्या गोष्टी झाकून बोलायच्या, त्या उघड्या शब्दांत बोलणं. कुरआनाची रीतही झाकून बोलण्याची आहे. पतिपत्नीच्या संबंधासाठी ‘स्पर्श’ असा शब्द येतो. शौचासाठी ‘गाइत’ येतो, त्याचा मूळ अर्थ सखल जमीन, जिथे माणसं आडोशाला जात. आपल्या ‘परसाकडे’ची ही सख्खी बहीण. दोन भाषांनी एकाच लाजेसाठी एकच युक्ती काढावी, याचं मला शिकवताना नेहमी अप्रूप वाटायचं.

पण झाकून बोलणं म्हणजे न बोलणं नव्हे. उम्मे सुलैम पैगंबरसाहेबांकडे आल्या आणि म्हणाल्या, अल्लाह सत्य सांगायला लाजत नाही, आणि मग स्त्रीच्या गुस्लविषयी (शुद्धीच्या आंघोळीविषयी) थेट प्रश्न विचारला. त्यांनी थेट उत्तर दिलं. हजरत आयेशा अन्सारी बायकांचं कौतुक करत, की दीन (धर्म) समजून घेण्याच्या आड त्यांनी लाज येऊ दिली नाही. तेव्हा रेघ शब्दात नाही, गरजेत आहे. मुलीला शिकवण्यासाठी, डॉक्टरला सांगण्यासाठी, अत्याचाराची तक्रार करण्यासाठी वापरलेला स्पष्ट शब्द स्वच्छ असतो. तोच शब्द कुणाला खिजवायला वापरला की घाण होतो. मुलीला नीट शब्द द्या. तुम्ही दिले नाहीत तर तिला ते शिव्यांतून मिळतील.

*

प्रश्न : मी मुस्लिम नाही, पण हे सदर आवर्जून वाचतो. अदबीनं बोलण्याचे हे नियम मुस्लिमांनी मुस्लिमांशी बोलण्यापुरतेच आहेत का? समाजमाध्यमांवर दोन्ही बाजूंनी जे चालतं ते पाहून विचारतो आहे.

उत्तर : नाही, आणि सरळ विचारलंत याबद्दल आभार. सूरह बकरामध्ये ‘लोकांशी चांगलं बोला’ असं आहे. तिथला शब्द ‘नास’, म्हणजे माणसं. सूरह अनआमची १०८वी आयत तर स्पष्ट सांगते की, अल्लाहखेरीज ज्यांना इतर लोक पुकारतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर ते वैरानं, अजाणतेपणी अल्लाहला शिव्या देतील. आईबापाच्या हदीसमध्ये जी साखळी आहे, तीच इथे. दुसऱ्याला जे प्रिय आहे त्यावर तुम्ही हात टाकता आणि तुम्हाला जे सर्वांत प्रिय त्याची विटंबना ओढवून घेता. मतभेद मांडायला मनाई नाही, वाद करायलाही नाही, शिवीला आहे.

मूसा आणि हारून या पैगंबरांना मिसरच्या राजाकडे, फिरऔनकडे, पाठवताना त्याच्याशी मऊ शब्दांत बोला असा हुकूम होता. मुलांचा जीव घेणाऱ्या राजाशी! तेव्हा फोनवर बसून अनोळखी माणसाच्या देवाला किंवा आईला शिव्या देणारा मुस्लिम तरुण ‘मी दीनची बाजू घेतो’ म्हणत असेल, तर त्यानं त्याच दीनचा हुकूम मोडला आहे. मला अशा मुलांची काळजी वाटते, आणि त्यांच्यामुळे ज्यांचं मन दुखावलं त्यांच्यापुढे मान खाली जाते.

*

प्रश्न : माझं वय साठच्या पुढे आहे. आयुष्यभर तोंड फार वाईट होतं. आता सोडलंय. ज्यांना बोललो त्यांचं काय? काही वारले, काहींना आठवणही नसेल.

उत्तर : दादा, मुफलिसची (कंगालाची) हदीस तुम्हाला माहीत असणार, म्हणूनच हा प्रश्न आला. कयामतीला एक जण नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणावर तोहमत (खोटा आळ) घेतलेली, कुणाचा माल खाल्लेला, कुणाला मारलेलं. त्याच्या नेक्या एकेकाला वाटल्या जातील, संपल्या तर त्यांचे गुनाह याच्यावर येतील. खरा कंगाल तो. म्हणून दीनार-दिरहम चालणार नाहीत तो दिवस येण्याआधी इथेच मोकळं व्हा, असं सांगितलंय.

जे हयात आहेत आणि ज्यांना ते बोलणं माहीत आहे, त्यांची माफी मागा. ज्यांना माहीतच नाही आणि सांगितल्यानं नवी जखम होईल, त्यांच्याबाबत अनेक विद्वानांचा सल्ला असा की, त्यांच्यासाठी दुआ करावी आणि ज्या लोकांपुढे वाईट बोललात त्यांच्यापुढे चांगलं बोलावं. वारलेल्यांसाठीही दुआ करा.

माझं सांगते. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी मी वर्गात एका मुलाला ‘ठोंब्या’ म्हटलं. कविता पाठ नव्हती, एवढंच कारण. वर्ग हसला आणि ते नाव त्याला चिकटलं. तो शाळा सोडून जाईपर्यंत पोरं त्याला त्याच नावानं हाका मारत होती. एकमेकांना वाईट नावांनी हाका मारू नका, ही सूरह हुजुरातची आयत मला तेव्हाही तोंडपाठ होती. निवृत्त झाल्यावर मी त्याचा नंबर शोधून फोन केला. नाव सांगितलं, कशासाठी फोन केला ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग ‘माफ केलं बाई’ म्हणाला आणि फोन ठेवला.

मी परत फोन केला नाही. तो आणखी काही बोलेल, तब्येत विचारेल, ‘अहो, मी विसरूनही गेलो होतो’ म्हणेल, असं मला वाटत होतं. ते माझं समाधान झालं असतं, आणि ते द्यायला तो बांधील नव्हता. तुम्ही माफी मागाल तेव्हा थोडक्यात मागा. आपण का चिडलो होतो, ते सांगत बसू नका. समोरचा नाही म्हणाला तरी ऐकून घ्या. तो त्याचा हक्क आहे.